हिरड्या: ठीक

मावशींची तक्रार एवढीच, की वरच्या पुढच्या दातांत फट पडलीय आणि भाकरी तोडताना दात हलल्यागत वाटतो. वय 46. मेडिकलवाल्याने गमपेंट, म्हणजे हिरड्यांना लावायचं औषध, दिलं होतं. आमच्या निम्म्या पेशंटांचा पहिला डॉक्टर तोच.

"दात घासताना रक्त येतं?"

"छ्या! रोज मशेरी लावते की. हिरड्या कशा घट्ट हायत बघा."

होत्याही घट्ट. फिकट, जाडसर, ना लाली ना सूज. नुसत्या आरशाने बघितलं असतं तर 'एकदा क्लीनिंग करून घ्या' म्हणून मोकळी झाले असते.

प्रोब घेतला, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यातली खोली मोजायची बारीक, मिलिमीटरच्या रेघांची सळई. विल्यम्स प्रोबवर 4 आणि 6 च्या रेघा मुद्दाम गाळलेल्या असतात, म्हणजे वाचताना गफलत होत नाही. दाब किती? टोक स्वतःच्या नखाखाली सरकवलं तर दुखू नये इतकाच, असं कॉलेजात शिकवलेलं. प्रत्येक दाताभोवती 6 जागा. निरोगी हिरडीत प्रोब 3 मिलिमीटरपर्यंत जातो. मी आकडे सांगत होते, असिस्टंट लिहीत होती. 3, 3, 5. मग फटीपाशी 8. तिचं पेन थांबलं. "मॅडम, आठ?"

आणि इतक्या खोलीतून रक्ताचा एकच ठिपका, तोही उशिरा. तंबाखू हिरडीचं रक्तच दाबून टाकते. ज्याला मावशी 'घट्ट' म्हणत होत्या, ते हेच. एक्स-रेत हाड मुळाच्या निम्म्यावर आलेलं. तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून आणायला सांगितली, ती 9.1 टक्के निघाली. मधुमेह आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. हिरड्यांच्या रोगाच्या 2018 च्या वर्गीकरणात मधुमेह्याची ही साखर 7 टक्के किंवा जास्त म्हणजे ग्रेड सी, झपाट्याने वाढणारा रोग.

खरी गोष्ट पुढेच आहे. जुना केसपेपर सापडला. तीन वर्षांपूर्वी त्या माझ्याकडेच आल्या होत्या, दाढ भरायला. खाली माझंच अक्षर: 'हिरड्या: ठीक.' प्रोबचा एक आकडा नाही. हिरड्या मोजायचे वेगळे पैसे सांगितले की लोक म्हणतात, "मोजायचे कसले पैसे?" मग आपणही मोजत नाही. हे कारण मी त्या दिवसापासून दहादा स्वतःला सांगून पाहिलंय.

मावशींच्या ते ध्यानात होतं.

"तवा तुमीच बघितलेलं न्हवं?"

"हो, मीच."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. खालचे दात मोजायचे राहिले होते.