आईच्या मानेवरचा तीळ

तुम्ही विचारलात तो प्रश्न मला नवा नाही. सकाळी रंकाळ्यावर फिरताना कुणीतरी गाठतंच: "सर, तुम्ही बायोलॉजी शिकवताय. म्हाताऱ्या पेशीच काढून टाकल्या तर म्हातारपण जाईल की वो?"

मला आधी आईच्या मानेवरचा तीळ आठवतो. मसुराएवढा, तपकिरी, मी शाळेत होतो तेव्हापासून तेवढाच. अशा पुष्कळ तिळांमध्ये बीरॅफ नावाच्या जनुकात बिघाड असतो, आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांतही तोच सापडतो. म्हणजे कधीतरी एक पेशी बहकली, वाढत सुटली, आणि आतूनच ब्रेक लागला. ती मेली नाही, तिनं विभागणं सोडलं. अशा थांबलेल्या पेशी म्हणजेच म्हाताऱ्या पेशी. (तिळाचा रंग किंवा आकार बदलला तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.)

पेशी काचपात्रात कायम वाढत राहतात, असंच पूर्वी मानत. 1961 साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण 50 वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमेअर, झिजतात. बहुतेक कर्करोगांच्या पेशी टेलोमरेज नावाचं विकर (एन्झाइम) वापरून ती पुन्हा भरून काढतात, म्हणून त्या थांबत नाहीत.

त्याच आईला आता जोतिबाच्या पायऱ्या चढवत नाहीत. झिजलेल्या गुडघ्यांच्या कूर्चेतही अशा थांबलेल्या पेशी सापडतात. त्या दाह वाढवणारी प्रथिनं सोडत राहतात. तरुणपणी प्रतिकारशक्ती त्यांना उचलून नेते, उतारवयात त्या साचतात. त्यांच्या स्रावामुळे शेजारच्या बहकलेल्या पेशीला बळही मिळू शकतं. कर्करोग अडवणारी सोयच पुढं त्याला वाट करून देते, हे शिकवताना आजही माझा घसा दाटतो.

2011 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांतून अशा पेशी काढल्या, तेव्हा स्नायूंची झीज आणि मोतीबिंदू लांबणीवर पडले. मला त्यातून खरोखर आशा वाटते. पण जखम भरतानाही शरीर याच पेशी थोडे दिवस उभ्या करतं. उंदरांत त्या काढल्यावर जखमा उशिरा भरल्या. म्हणून 'तारुण्याच्या गोळ्या' कुणी विकत असेल तर घेऊ नका, कळकळीनं सांगतो.

काल आईच्या गुडघ्याला तेल चोळत होतो. ती म्हणाली, "चैत्रात डोंगरावर ने रं. खालनंच हात जोडीन."