नव्या पुस्तकासाठी नंबर लावा

नवं पुस्तक गाजायला लागलं की आधी वाचनालयात जाऊन मागणीच्या वहीत लिहून या. नुसतं नाव नको. लेखक, प्रकाशक, आपला सभासद क्रमांक, सगळं. रत्नागिरीत १८२८ पासून नगर वाचनालय आहे, आणि कोकणात गावोगावी लहान वाचनालयं आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेल्यांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. ड वर्गाच्या वाट्याला सगळ्यात कमी, त्यामुळे तिथे खरेदी जपून होते. एकाच पुस्तकाला चार-पाच जणांची मागणी दिसली, तर ते यादीत वर सरकतं. म्हणून मी शेजारच्या काकूंनाही लिहायला लावते.

आमच्या ग्रंथपाल ताई नवं पुस्तक आलं की आधी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालतात, पावसाळ्यात इथे पुठ्ठ्यावर लगेच बुरशी धरते. मग वहीतल्या क्रमाने फोन. पुस्तक हातात आलं की मी बाकी सगळं बाजूला ठेवते. मुदत संपेपर्यंत ते घरात अडकवून ठेवणं मला पटतच नाही, मागे माणसं थांबलेली असतात. दिवाळी अंकांचंही तेच. त्यांची वेगळी वर्गणी गणपती आटोपले की विचारून ठेवा.