एजंटाविना इंग्लंडमधील शाळेत: माझा अनुभव

परदेशात शिक्षकाची नोकरी हवी असेल तर एजंटाशिवाय पानही हलत नाही, अशी शिक्षकांमध्ये सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती टिकण्यात ज्यांचा फायदा आहे ते तिला खतपाणी घालत असतात. मी भारतात माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत होते. सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंडमधील एका शाळेत तोच विषय शिकवते आहे आणि यासाठी कोणत्याही मध्यस्थाला पैसे दिलेले नाहीत. यात मोठे धाडस आहे असे मला वाटत नाही. इंग्लंडमधील शिक्षकभरतीचे नियमच असे आहेत की शाळेला उमेदवाराशी थेट व्यवहार करावा लागतो. मधल्या माणसाला त्यात करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

सुरुवातीला मीही एका कन्सल्टन्सीत चौकशी केली होती. तिथे मला एक छापील कागद मिळाला. त्यावर पात्रतेची मान्यता, रिक्त जागांची माहिती, मुलाखत आणि स्पॉन्सरशिपचे (व्हिसासाठी नोकरी देणाऱ्याने उमेदवाराला पुरस्कृत केल्याचे) प्रमाणपत्र अशी कामे व त्यांपुढे हप्ते लिहिलेले होते. घरी आल्यावर त्यातील एकेक बाब मी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर शोधली. पात्रतेच्या मान्यतेचा अर्ज विनामूल्य होता आणि रिक्त जागांची सरकारी यादीही विनामूल्य होती. स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र तर शाळाच गृहखात्याकडून घेऊन उमेदवाराच्या नावे देते, त्यामुळे ते ‘मिळवून देण्याचे’ पैसे नेमके कशाचे, हे मला शेवटपर्यंत उमगले नाही. ब्रिटनमध्ये १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज कायद्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. आपल्याकडेही १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी केलेल्या एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्या कागदावरचा आकडा याच्या कितीतरी पुढचा होता, आणि नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता.

पहिले काम होते क्यूटीएस, म्हणजे इंग्लंडमधील शिक्षकाचा अधिकृत दर्जा, मिळवण्याचे. फेब्रुवारी २०२३ पासून भारत, घाना, हाँगकाँग, जमैका, नायजेरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, युक्रेन आणि झिम्बाब्वे येथे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना आपल्या देशात बसून हा अर्ज करता येऊ लागला. अट अशी होती की उमेदवार ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्यास पात्र असावा. शिवाय पदवी, शिक्षकप्रशिक्षण, त्यानंतरचा किमान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव आणि इंग्रजीवरील प्रभुत्वाचा पुरावा हवा. अर्ज टीचिंग रेग्युलेशन एजन्सी तपासते. कागद वेळेवर आणि स्वच्छ स्कॅन करून दिले, तर यात अवघड काही नाही. मात्र निर्णय येण्यास वेळ लागतो. काही शाळा क्यूटीएस नसलेल्या शिक्षकालाही घेतात, तरीही हा दर्जा हाती असला की शाळेला आपल्या बी.एड.चा अर्थ समजावून सांगत बसावे लागत नाही, म्हणून मी आधी हे काम उरकले.

यापुढची पायरी मला सर्वांत उपयोगी वाटली, आणि तिच्याबद्दल बोलणारे मला कोणी भेटले नव्हते. परदेशी कर्मचाऱ्याला स्पॉन्सर करण्याचा परवाना ज्यांच्याकडे आहे अशा सर्व संस्थांची यादी ब्रिटिश गृहखाते प्रसिद्ध करते आणि ती सतत अद्ययावत होत असते. ती कोणालाही उतरवून घेता येते. दुसऱ्या बाजूला, इंग्लंडच्या शिक्षण खात्याचे ‘टीचिंग व्हेकन्सीज’ हे संकेतस्थळ शाळांच्या जाहिराती विनामूल्य देते आणि शाळा स्पॉन्सर करण्यास तयार आहे का, हेही जाहिरातीत पाहता येते. या दोन याद्या शेजारी ठेवून पाहणे एवढेच काम आहे. त्यात एक मेख आहे. इंग्लंडमधील बहुतेक माध्यमिक शाळा आता अकॅडमी, म्हणजे सरकारी पैशावर पण स्थानिक प्रशासनाबाहेर चालणाऱ्या शाळा, आहेत, त्यांपैकी पुष्कळ शाळा अनेक शाळा चालवणाऱ्या एखाद्या ट्रस्टच्या असतात आणि परवाना ट्रस्टच्या नावावर असतो. शाळेचे नाव यादीत सापडत नाही म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. शाळेच्या संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत ट्रस्टचे नाव दिलेले असते. ते घेऊन पुन्हा शोधले की नोंद सापडते.

कधी अर्ज करावा हेही समजून घ्यावे लागते. तिथल्या शिक्षकांच्या सेवाशर्तींनुसार ३१ ऑगस्टला नोकरी सोडायची असेल तर राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो; डिसेंबरअखेर सोडण्यासाठी ही मुदत ३१ ऑक्टोबर आणि ईस्टरच्या सुमारास सोडण्यासाठी २८ फेब्रुवारी असते. साहजिकच सप्टेंबरच्या जागांच्या जाहिराती फेब्रुवारीपासून वाढत जातात, एप्रिल-मे महिन्यांत त्यांचा पूर येतो आणि जूनमध्ये ओसरतो. जूनमध्ये उरलेल्या जागा वाईट नसतात, पण परदेशातील उमेदवाराला व्हिसासाठी वेळ हवा असतो, त्यामुळे शाळा तिथे कचरते. मी जानेवारीतच अर्जाचा मजकूर तयार करून ठेवला आणि प्रत्येक जाहिरात आली की तो तिच्याप्रमाणे बदलत गेले.

अर्ज म्हणजे बायोडेटा पाठवणे नव्हे. मुलांच्या सुरक्षिततेविषयीची ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ ही सरकारी मार्गदर्शिका सर्व शाळांवर बंधनकारक आहे. केवळ बायोडेटावर विसंबू नये, शाळेचा अर्ज भरून घ्यावा, असे ती शाळांना सांगते. त्या अर्जात शिक्षण संपल्यापासून आजपर्यंतचा काळ महिन्यानिशी मांडावा लागतो आणि मधल्या प्रत्येक रिकाम्या कालखंडाचे कारण द्यावे लागते. आजारपण, बाळंतपण, स्पर्धापरीक्षेची तयारी, काहीही चालते. फक्त ते लिहिलेले असावे. बायोडेटा चकचकीत करून देण्याचे पैसे घेणाऱ्यांची इथे खरी पंचाईत होते, कारण त्यांचा कागद कोणी उघडतही नाही. अर्जासोबतच्या निवेदनात मी ‘अध्यापनाची आवड’ वगैरे शब्द टाळले. जाहिरातीसोबत उमेदवारात काय हवे याची यादी असते. त्यातील प्रत्येक अपेक्षेसमोर माझ्या वर्गातले एक उदाहरण लिहिले. एक्यूए या तिथल्या परीक्षा मंडळाचा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. तो वाचून, त्यातील सक्तीच्या प्रयोगांपैकी कोणते मी आधीपासून करून घेत आले आहे, हे नावानिशी दिले. मुलाखतीला बोलावणाऱ्या शाळांनी नेमके तेच धरून प्रश्न विचारले.

शिफारसपत्रांचा भाग मात्र किचकट ठरला. आपल्याकडे शाळा सोडताना ‘ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांस’ अशा मायन्याचा अनुभवाचा दाखला मिळतो आणि तो आयुष्यभर पुरतो. इंग्लंडमधील शाळा असा दाखला शिफारस म्हणून स्वीकारत नाही. ती स्वतः सध्याच्या शाळेच्या प्रमुखांना ईमेल करते, एक फॉर्म पाठवते आणि उत्तर खरोखर त्या शाळेतूनच आले आहे याची खात्री करून घेते. फॉर्ममध्ये या व्यक्तीबद्दल मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने काही काळजी आहे का, हा प्रश्न असतो आणि तो कोरा सोडलेला चालत नाही. आमच्या शाळेचा सारा पत्रव्यवहार एका मोफत ईमेल खात्यावरून, तोही लिपिकांच्या नावाच्या, चालत असे. मी मुख्याध्यापकांना फॉर्मचा नमुना आधीच दाखवला आणि संस्थेच्या नावाचा स्वतंत्र ईमेल पत्ता सुरू करण्याची विनंती केली. सरांनी फॉर्म दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे तुमच्याबद्दल विचारतायत की तुमच्यावर खटला भरतायत?” पण पत्ता सुरू झाला आणि उत्तर वेळेत गेले. यातले काहीही एजंटाला करता आले नसते. मुख्याध्यापकांऐवजी दुसऱ्याने उत्तर दिले असते तर ती सरळसरळ फसवणूक ठरली असती.

मुलाखत व्हिडिओवर झाली. तिथे मुलाखतीत सहसा पाठ घेऊन दाखवावा लागतो, म्हणून दहावीच्या इयत्तेतील, म्हणजे १४-१५ वर्षांच्या, काही मुलांना प्रयोगशाळेत बसवून शाळेने मला पडद्यावरून वीस मिनिटांचा पाठ घेण्यास सांगितले. विषय होता तारेची लांबी आणि रोध. दूरवरून प्रयोग कसा करून घ्यायचा, हा प्रश्न होता. मी शाळेच्या लॅब टेक्निशियनला आदल्या दिवशी ईमेल करून मीटरपट्टीवर ताणलेली तार, ॲमीटर आणि व्होल्टमीटर अशी मांडणी मागितली. पाठ सुरू झाल्यावर एका मुलीला मगरचिमटा तारेवरून सरकवायला सांगितले, पण त्याआधी ॲमीटरचा आकडा वाढेल की कमी होईल हे प्रत्येकाने पाटीवर लिहून दाखवायचे होते. निम्म्या मुलांनी चुकीचे लिहिले. मला तेच हवे होते, कारण मग बोलण्यासारखे काही उरले. नंतर विज्ञान विभागप्रमुखांनी पाठाबद्दल विचारले ते एवढेच, की पुढच्या तासाला या मुलांचे काय कराल.

दुसरा महत्त्वाचा प्रश्न असा होता: एखादा विद्यार्थी “मॅडम, कोणाला सांगू नका” म्हणून घरातली एखादी गोष्ट सांगू लागला तर काय कराल? आपल्याकडील प्रेमळ शिक्षिका चटकन “नाही सांगत बाळा” म्हणते. तिथे असे वचन द्यायचे नसते. मुलाचे ऐकून घ्यायचे, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत, त्याच्याच शब्दांत नोंद करायची आणि शाळेतील बालसुरक्षा प्रमुखाला त्याच दिवशी कळवायचे. मार्गदर्शिकेचा पहिला भाग नीट वाचला असेल तर हे उत्तर पाठ करावे लागत नाही. निवडयादीतील उमेदवारांची शाळा इंटरनेटवर माहिती शोधू शकते, हेही त्याच मार्गदर्शिकेत आहे. आपली जुनी सार्वजनिक पोस्ट शाळेने पाहिली तर नवल वाटू नये.

नोकरीचा प्रस्ताव आला तेव्हा स्वीकारण्यापूर्वी मी पगाराची श्रेणी लेखी मागितली. सप्टेंबर २०२४ पासून लंडनबाहेरील मुख्य श्रेणी वर्षाला ३१,६५० पासून ४३,६०७ पौंडांपर्यंत होती, आणि परदेशातील अनुभव किती धरायचा हे शाळेच्या हाती असते. विचारले नाही तर तळाची पायरी मिळण्याची शक्यता असते. विचारण्यात उद्धटपणा आहे, असे तिथे कोणी मानत नाही.

पुढचे काम कागदांचे. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी शाळेने दिलेला स्पॉन्सरशिप क्रमांक, क्षयरोग नसल्याचे मान्यताप्राप्त केंद्राचे प्रमाणपत्र, इंग्रजीचा पुरावा आणि गेल्या दहा वर्षांत जिथे एकूण बारा महिने किंवा अधिक राहिलो त्या प्रत्येक देशाचे पोलीस प्रमाणपत्र लागते. क्षयरोगाचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते, म्हणून ते फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. तीन वर्षांच्या व्हिसाचे शुल्क तेव्हा ७१९ पौंड होते. खरा खड्डा पडतो तो तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीच्या आरोग्य अधिभाराने: वर्षाला १,०३५ पौंड, आणि तीन वर्षांचे ३,१०५ पौंड अर्जासोबतच भरावे लागतात. हे पैसे थेट ब्रिटिश सरकारकडे ऑनलाइन जातात. स्पॉन्सर म्हणून शाळेला भरावा लागणारा इमिग्रेशन स्किल्स चार्ज उमेदवाराकडून वसूल करता येत नाही, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राचे शुल्कही त्याच्यावर टाकण्यास बंदी आली आहे. त्यामुळे यापुढे कोणी ‘प्रमाणपत्राचे पैसे’ मागितले, तर मागणारा शाळेचा असो वा शाळेच्या नावावर बोलणारा असो, तिथेच बोलणे थांबवावे.

पैसे देऊन मदत घेण्याची वेळ कोणावरच येत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, नावांत किंवा जन्मतारखांत तफावत असेल, मुलांच्या ताब्याचा प्रश्न असेल, तर जाणकाराचा सल्ला घ्यावा. तो इमिग्रेशनच्या वकिलाचा किंवा ब्रिटनमधील अधिकृत नोंदणी असलेल्या सल्लागाराचा असावा, कारण १९९९ च्या कायद्यानुसार तिथे नोंदणीशिवाय असा सल्ला देणे गुन्हा आहे. हा सल्लागार व्हिसाच्या अर्जाबद्दल बोलतो आणि त्याचीच फी घेतो. नोकरी मिळवून देण्याची भाषा तो करत नाही.