‘सारखा’ आणि ‘त्याचाच’

“मॅडम, धागा त्या संशयिताच्याच शर्टाचा आहे ना? मग तेवढं लिहून टाका की.”

आमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रिपोर्टची चौकशी करायला आलेले हवालदार आज अगदी काकुळतीला आले होते. मुलीची आई रोज चौकीत येऊन बसते म्हणे.

धागा जेमतेम तीन मिलिमीटरचा, निळा. सूक्ष्मदर्शकाखाली कापूस पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. हा मात्र काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत, अंगभर बारीक काळे ठिपके. चमक कमी करायला घातलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे. म्हणजे कृत्रिम धागा, पॉलिएस्टरसारखा. रंगही शर्टाशी जुळला.

पण त्याच कापडाचे शर्ट आणखी किती जणांच्या अंगावर असतील! मी लिहू शकते ते एवढंच, ‘सारखा आहे’. ‘त्याचाच आहे’ असं नाही.

हवालदार काही न बोलता उठले. त्या आईला यातला फरक कोण सांगणार, आणि कसा?