जोतिबाच्या डोंगरावरून किरणोत्सवाला

10 नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता वाडी रत्नागिरीला जोतिबाचे दर्शन घेऊन आम्ही चौघे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी, म्हणजे मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीवर पडण्याच्या सोहळ्यासाठी, पायी निघालो. सुमारे 18 किलोमीटरची ही वाट आग्नेयेकडे उतरते. त्यामुळे डोंगरावर उजव्या गालावर असलेले ऊन केर्लीच्या पुढे खांद्यावर आणि शिवाजी पुलावर पाठीशी आले. भर मध्यान्हीही सूर्य माथ्यापासून 34 अंश दक्षिणेला होता, हे पंचांगात वाचण्यापेक्षा चालताना अधिक नीट उमगले.

देवी पश्चिमाभिमुख आहे, परंतु या दिवसांत सूर्य पश्चिमबिंदूच्या सुमारे 18 अंश दक्षिणेला मावळतो आणि त्याच दिशेने किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. 21-22 डिसेंबरला दक्षिणायन संपण्याच्या सहा आठवडे आधी सूर्य जिथे मावळतो, तिथेच तो उत्तरायण लागल्यावर सहा आठवड्यांनी परत मावळतो; म्हणून 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी असा हा सोहळा वर्षातून दोनदा होतो. मावळतीची जागा रोज अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी सरकते, त्यामुळे हा योग मोजके दिवसच टिकतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरालाही हेच गणित लागू पडते: सूर्य दक्षिणेला उतरलेला असताना कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र साधारण तितकाच उत्तरेला चढतो, आपला अक्षांशही 16.7 अंश उत्तर आहे, आणि म्हणून मध्यरात्री तो जवळजवळ माथ्यावर, स्वर्गमंडपाच्या छतातल्या गोल झरोक्यावर येतो.

महाद्वारातून आत शिरलो तेव्हा आमच्या सावल्या पुढे लांबवर पडल्या होत्या. बरोबरच्या आत्तींनी माझा हात धरून मला बाजूला ओढले, कारण आम्ही किरणांच्याच वाटेत उभे होतो. देवळातले दिवे मालवले गेले. गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे ओलांडत प्रकाश पावणेसहाच्या सुमारास चरणांवर आला. सूर्य जसा खाली जातो, तसा किरण आडवा होऊन मूर्तीवर वर चढतो. दुसऱ्या दिवशी तो छातीपर्यंत जावा अशी परंपरा आहे. त्या सायंकाळी मात्र तो गुडघ्यांशी क्षणभर थांबला आणि विझला. क्षितिजावरच्या ढगांना कोण अडवणार? पण किरणांच्या या वाटेवर उंच बांधकाम उभे राहू न देणे आपल्या हाती आहे, आणि ते आपण कसोशीने पाळलेच पाहिजे. दिवे पुन्हा लागले, घंटा वाजली आणि आरती सुरू झाली.