गोलफलक हलण्याआधी बदललेला सामना

सोमवार, २३ मे २०२२

मँचेस्टर सिटीने काल ॲस्टन व्हिलावर ३-२ असा विजय मिळवून प्रीमियर लीगचे विजेतेपद राखले आणि आज दिवसभर जो तो ७६ ते ८१ या मिनिटांविषयीच बोलत आहे. ते स्वाभाविकही आहे. ०-२ अशा पिछाडीवरून सहा मिनिटांच्या आत तीन गोल करून लीग जिंकल्याचे किती वेळा पाहायला मिळते? परंतु आज संध्याकाळी संपूर्ण उत्तरार्ध पुन्हा एकदा शांतपणे पाहिल्यावर माझे मत पक्के झाले, की सिटीचा खेळ मध्यंतरानंतर लगेचच सुधारू लागला होता. पुढच्या अर्ध्या तासात गोलफलकावर त्याची काहीच खूण उमटली नाही, उलट व्हिलाचाच दुसरा गोल झाला, आणि त्यामुळे ही सुधारणा कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. ती कशी झाली, हे आठवणीत ताजे असतानाच लिहून ठेवतो.

आधी परिस्थिती. शेवटच्या दिवशी मैदानात उतरताना सिटीचे ९० गुण होते आणि लिव्हरपूलचे ८९. गोलफरकातही (केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा केल्यावर उरणारा आकडा) सिटी पुढे होती. तिकडे लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर वुल्व्ह्ज या संघाने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि २४ व्या मिनिटाला सादिओ मानेने बरोबरी साधली. त्यानंतर थेट ८४ व्या मिनिटापर्यंत तो सामना १-१ असाच होता. म्हणजे सिटी ०-२ अशी मागे पडली तेव्हादेखील दोन्ही संघांचे गुण समान होत होते आणि गोलफरकावर सिटीच वर राहत होती. हा तपशील बारीक असला तरी मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण लिव्हरपूलच्या एका गोलावर सगळा मोसम टांगलेला असताना, दुसऱ्या मैदानावरच्या त्या गोलाची वाट न पाहता, स्वतःचा सामना दुरुस्त करण्याची बुद्धी शाबूत ठेवणे ही सोपी गोष्ट नाही.

पूर्वार्धात सिटीची रचना कागदावर नेहमीचीच दिसत होती. गोलरक्षक एडरसनपुढे उजवीकडे जॉन स्टोन्स, मध्यभागी फर्नांडिन्हो आणि लापोर्त, डावीकडे कान्सेलो. मधल्या फळीत रॉड्री, डी ब्रुइन आणि बर्नार्डो सिल्वा. पुढे महरेझ, जेझुस आणि फोडेन. प्रत्यक्षात या संघाचे दोन्ही काठ बोथट झाले होते. स्टोन्स हा मुळात मध्यभागी खेळणारा बचावपटू. उजव्या बगलेने वारंवार वर जाऊन क्रॉस टाकणे, म्हणजे काठावरून गोलासमोर चेंडू पाठवणे, हा त्याचा पिंड नाही. डावीकडचा कान्सेलो उजव्या पायाचा, त्यामुळे चेंडू मिळाला की त्याची पावले आपोआप आतल्या बाजूला वळतात. उजव्या काठावरचा महरेझ डाव्या पायाचा, म्हणजे तोही आतच येणार. सगळे आत येऊ लागल्यावर व्हिलाला वेगळे काही करावे लागले नाही. मधली जागा माणसांनी भरून ठेवायची, सिटीला चेंडू हवा तितका वेळ खेळवू द्यायचा आणि संधी दिसताच पुढे झेपावायचे, एवढे त्यांना पुरेसे होते. सिटीचे पास जमत होते, ताबाही त्यांच्याकडेच होता, पण चेंडू गोलरेषेपर्यंत नेऊन मागे ओढणारा, म्हणजे बचावपटूंना स्वतःच्या गोलाकडे तोंड करून धावायला लावणारा खेळाडू कुठल्याच बाजूला दिसत नव्हता. बॉक्सच्या, म्हणजे गोलासमोरच्या आखलेल्या चौकटीच्या, बाहेर कितीही सुबक पास दिले तरी बचावपटूला सगळे समोर दिसत असते आणि त्यामुळे त्याची झोप उडत नाही.

३७ व्या मिनिटाला व्हिलाचा पहिला गोल झाला, तोही नेमका याच दुखऱ्या जागेवर. डावीकडून लुकास डीन्येने क्रॉस टाकला आणि पलीकडच्या खांबापाशी धावत आलेल्या मॅटी कॅशने हेडर मारून तो जाळ्यात धाडला. कॅश हा व्हिलाचा राइट-बॅक, म्हणजे उजव्या काठावरचा बचावपटू. त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम कान्सेलोचे होते. एका फुलबॅकने (काठावरच्या बचावपटूने) क्रॉस टाकावा आणि दुसऱ्या फुलबॅकने गोल करावा, हे व्हिलाच्या धाडसाचे लक्षण होते. प्रशिक्षक स्टीव्हन जेरार्ड यांचा संघ केवळ बचावासाठी आलेला नव्हता, आणि लिव्हरपूलचे माजी कर्णधार म्हणून त्यांच्या हेतूंविषयी आठवडाभर जे काही बोलले गेले, त्यापेक्षा त्यांची मैदानावरची आखणी मला कितीतरी अधिक लक्षवेधी वाटली.

आता मध्यंतर. सिटीचे प्रशिक्षक पेप गार्डिओला यांनी फर्नांडिन्होला बाहेर काढून ओलेक्झांडर झिंचेन्कोला आणले. फर्नांडिन्हो हा संघाचा कर्णधार, नऊ वर्षे या क्लबसाठी घाम गाळलेला, आणि हा त्याचा सिटीकडून शेवटचा सामना. अशा दिवशी अशा माणसाला अर्ध्यावर बसवणे कोणत्याही प्रशिक्षकाला जड गेले असते, पण खेळाच्या दृष्टीने तो निर्णय अचूक होता. या एका बदलाने तीन जागा बदलल्या. स्टोन्स आपल्या हक्काच्या जागी, मध्यभागी आला. कान्सेलो उजवीकडे गेला, जिथे त्याचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला येतो. आणि डाव्या बगलेवर डाव्या पायाचा खेळाडू आला. झिंचेन्कोला बाहेरून वर जाण्यासाठी थांबून पाय बदलावा लागत नाही. फोडेन आत सरकला की त्याच्या बाहेरची जागा झिंचेन्को घेत होता, आणि झिंचेन्को आत आला की फोडेन रेषेला चिकटत होता. पूर्वार्धात व्हिलाच्या उजव्या बाजूच्या बचावाला एकाच माणसाकडे पाहावे लागत होते, आता दोघांमध्ये निवड करावी लागू लागली. सामना पुन्हा पाहताना मी मुद्दाम चेंडूवरची नजर काढून त्या बाजूकडेच पाहत राहिलो. कॅशचे पुढे जाणे कमी होत गेलेले तिथे स्पष्ट दिसते. सिटीला गोल मिळत नव्हता हे खरे, पण व्हिलाचा संघ दर पाच मिनिटांनी थोडा थोडा मागे ढकलला जात होता.

५६ व्या मिनिटाला महरेझच्या जागी रहीम स्टर्लिंग आला. महरेझ हा माझा अत्यंत आवडता खेळाडू आहे. चेंडू थांबवून समोरच्याला गोठवण्याची त्याची हातोटी विलक्षण आहे. तरीही काल त्या थांबण्यामुळे व्हिलाच्या बचावाला जागेवर परतायला वेळ मिळत होता. स्टर्लिंग उजव्या पायाचा असल्याने उजव्या काठावरून सरळ खाली धावू शकतो आणि न वळता क्रॉस टाकू शकतो. म्हणजे तासाभराचा खेळ होण्याआधीच सिटीचे दोन्ही काठ उघडले गेले होते, डावीकडे डाव्या पायाने आणि उजवीकडे उजव्या पायाने. आजच्या फुटबॉलमध्ये विरुद्ध पायाच्या विंगरची, म्हणजे उजव्या काठावर डाव्या पायाचा आणि डाव्या काठावर उजव्या पायाचा आक्रमक खेळवण्याची, एवढी सवय झाली आहे, की ही जुनी, साधी मांडणी एखाद्या मोठ्या सामन्याचा नूर बदलू शकते याचा आपल्याला विसर पडतो.

तिसरा बदल ६८ व्या मिनिटाला झाला, बर्नार्डो सिल्वाच्या जागी इल्काय गुंडोगन. दोघेही मधल्या फळीतले, दोघेही चेंडू क्वचित गमावणारे, पण स्वभाव वेगळा. बर्नार्डो चेंडूकडे येतो, तर गुंडोगन चेंडू दुसरीकडे असताना रिकाम्या जागेकडे जातो. गेल्या मोसमात लीगमध्ये १३ गोल करून तो सिटीचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता, आणि मधल्या फळीतल्या माणसाने ते करावे याचे कारण हीच सवय: बचावपटूंचे लक्ष क्रॉस टाकणाऱ्याकडे गेले की एक क्षण उशिरा, पाठीमागून, दूरच्या खांबाकडे पोहोचायचे. आक्रमक सर्जिओ अग्वेरो क्लब सोडून गेल्यापासून सिटीकडे बॉक्समध्ये ठाण मांडून बसणारा माणूस नव्हता. काठ उघडून क्रॉस येऊ लागले असताना त्या क्रॉसच्या टोकाशी कोण असणार, या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी हा बदल पाहतो.

आणि पुढच्याच मिनिटाला ०-२ झाले. गोलरक्षक रॉबिन ओल्सेनने लांब मारलेला चेंडू ओली वॉटकिन्सने डोक्याने पुढे दिला आणि कुटिन्होने आत वळून शांतपणे गोल केला. संपूर्ण संघ पुढे सरकलेला असताना मागे जी मोकळी जागा राहते, तिची ही किंमत होती. २०२१-२२ च्या या मोसमात प्रीमियर लीगमध्ये एका सामन्यात तीनच बदल करता येत होते आणि गार्डिओला यांनी ते तिन्ही करून टाकले होते. हातात एकही बदल उरला नव्हता, घड्याळात जेमतेम वीस मिनिटे होती. इथे अनेक संघ लांब चेंडू उडवू लागतात, बचावपटूला पुढे पाठवतात, घाईघाईने दुरून फटके मारतात. सिटीने तसे काही केले नाही. ज्या मार्गाने ते मध्यंतरापासून व्हिलाला मागे रेटत होते, त्याच मार्गाने ते खेळत राहिले. मला संपूर्ण सामन्यातला सर्वांत मोठा भाग तो वाटतो, ६९ ते ७६ ही सात मिनिटे, ज्यांत दाखवण्याजोगे काहीच घडले नाही आणि तरीही संघ विस्कटला नाही. आठवडाभरापूर्वी वेस्ट हॅमच्या मैदानावर ०-२ वरून २-२ पर्यंत येण्याचा अनुभव गाठीशी होता; त्याचाही उपयोग झाला असावा.

मग गोल झाले, आणि प्रत्येक गोलावर त्या बदलांचा ठसा आहे. ७६ व्या मिनिटाला स्टर्लिंगने उजवीकडून उजव्या पायाने क्रॉस टाकला, दूरच्या खांबापाशी गुंडोगनचे हेडर, १-२. दोन मिनिटांनी झिंचेन्कोने डावीकडून थेट आत शिरून चेंडू मागे ओढला. बचावपटू गोलाकडे धावत असल्याने बॉक्सच्या कडेला रॉड्री मोकळा सापडला आणि त्याने पायाच्या आतल्या बाजूने चेंडू जमिनीलगत कोपऱ्यात ढकलला. हा फटका मी पुन्हा पुन्हा पाहिला. एवढ्या दडपणाखाली जोर लावण्याचा मोह टाळून त्याने तो सरावातल्या पाससारखा मारला. ८१ व्या मिनिटाला डी ब्रुइनने उजवीकडून आत मुसंडी मारून चेंडू गोलासमोरून तिरका सोडला आणि दूरच्या खांबापाशी पुन्हा गुंडोगन उभा होता. पहिल्या गोलात पास देणारा बदली आणि गोल करणारा बदली. दुसऱ्यात पास देणारा बदली. तिसऱ्यात गोल करणारा बदली. मैदानात उतरलेले तिघेही गोलांमध्ये थेट सहभागी होते.

व्हिलाचा संघ शेवटी दमला होता हे मान्य करायला हवे, आणि पहिल्या गोलानंतर मैदानावर उसळलेल्या आवाजाने त्यांचे पाय डळमळले हेही दिसत होते. पण थकवा आपोआप येत नाही. पूर्वार्धात त्यांना आडवे सरकायचे होते, उत्तरार्धात मागे धावावे लागले. आणि मागे वळून धावणे बचावपटूला सर्वांत जास्त दमवते, कारण त्यात शरीराबरोबर अंदाजही थकतो. नशिबाचा वाटा मी नाकारत नाही. वॉटकिन्स आणि कुटिन्हो यांच्या पायांतून आणखी एखादी प्रतिचढाई यशस्वी झाली असती तर आज हे सगळे लिहिण्याचे कारणच उरले नसते. तरीही नशिबाने कौल दिला तेव्हा माणसे योग्य जागी उभी होती, आणि ती तिथे कुणीतरी विचारपूर्वक उभी केली होती.

२०१२ च्या मे महिन्यात क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध अग्वेरोने भरपाई वेळेत केलेल्या गोलाशी कालच्या विजयाची तुलना होत आहे. तो सामनाही ३-२ असाच संपला होता. भावनेच्या दृष्टीने त्या दिवसाची सर कशालाच येणार नाही. खेळ समजून घेण्याच्या दृष्टीने मात्र मी कुणाही शिकणाऱ्या मुलाला कालचा उत्तरार्ध दाखवेन. आपल्याकडच्या मुलांना तर तो जवळचाही वाटेल, कारण २०१९ पासून मुंबई सिटी या क्लबची मालकी मुख्यतः मँचेस्टर सिटीच्याच मालक समूहाकडे होती आणि सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगचे लीग शील्ड आणि करंडक हे दोन्ही जिंकणाऱ्या मुंबईच्या संघाने, बगलांवरची जागा कशी वापरायची याचे चांगले दर्शन घडवले होते. अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने केलेला गोल मला काल गुंडोगनला पाहताना आठवला, कारण बगलेवरचा तो खेळाडू त्या क्षणी नेमका गोलासमोर पोहोचला होता.

पुढच्या मोसमापासून प्रीमियर लीगमध्ये पाच बदल करता येणार आहेत आणि सिटीकडे आक्रमक अर्लिंग हालांड येत आहे. बॉक्समध्ये ठाण मांडणारा माणूस आल्यावर दूरच्या खांबापाशी उशिरा पोहोचणाऱ्या गुंडोगनसाठी जागा अधिक मोकळी होईल, की तीच जागा हालांड व्यापून टाकेल, हे मला ऑगस्टमधल्या पहिल्या काही सामन्यांत बारकाईने पाहायचे आहे. डाव्या बगलेवर सुरुवातीपासूनच डाव्या पायाचा बचावपटू खेळवला जातो का, तेही.