नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि पिंगयाओचे दोन दिवस

२०१९ च्या उन्हाळ्यात मी बीजिंगमधील एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात दहा आठवडे इंटर्न म्हणून काम केले. आम्ही पाच जण होतो: पोलंडची एक मुलगी, ब्राझीलचा एक मुलगा, जकार्ताहून आलेली एक, कोचीचा एक आणि सोलापूरची मी. पहिले चार शनिवार-रविवार शहरातच गेले. पाचव्या आठवड्यात कोठेतरी बाहेर पडायचे ठरले, तेव्हा ब्राझीलच्या मुलाने हाँगकाँगचे नाव काढले आणि ते मलाच खोडावे लागले. माझा आणि कोचीच्या मुलाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा होता. हाँगकाँग आणि मकाऊ चीनचेच भाग असले तरी तेथे जाताना सीमेवर देशाबाहेर गेल्याचीच नोंद होते. त्यामुळे एकदा तिकडे पाऊल टाकले की आमचा व्हिसा संपला असता आणि सोमवारी कामावर परतण्याचा प्रश्नच उरला नसता. हे बजावणारी एक ओळ आमच्या इंटर्नशिपच्या कागदपत्रांत होती, पण ती वाचलेली मी एकटीच निघाले.

मग पोलंडच्या मुलीने पिंगयाओ सुचवले. ती जुन्या विटांच्या बांधकामावर प्रबंध लिहीत होती आणि पिंगयाओचा तट तिला पाहायचाच होता. हे गाव शान्शी प्रांतात आहे. मिंग राजवटीच्या आरंभी, १३७० मध्ये, उभारलेला सुमारे सहा किलोमीटरचा तट गावाभोवती आजही सलग फिरतो आणि १९९७ पासून या गावाचा जागतिक वारसा स्थळांत समावेश आहे. शनिवारी सकाळी बीजिंग पश्चिम स्थानकावरून जलदगती गाडीने निघायचे, साधारण चार तासांत पोहोचायचे, रात्री तेथे राहायचे आणि रविवारी थेट गाडीने परत यायचे, असा बेत ठरला.

तिकिटांचे काम आम्ही कार्यालयातील एका चिनी ताईवर सोपवले. रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर परदेशी पारपत्राने स्वतःचे खाते उघडायचे, तर त्या काळी स्थानकाच्या खिडकीवर जाऊन पारपत्राची पडताळणी करून घ्यावी लागे. त्यापेक्षा तिच्या खात्यात आमची नावे प्रवासी म्हणून घालणे सोपे होते. तिने सोमवारी पाचही तिकिटे काढली आणि ती कागदी स्वरूपात घेण्यासाठी मंगळवारी संध्याकाळी आम्ही सगळे स्थानकावर गेलो. चिनी प्रवासी तेव्हा आपले ओळखपत्र यंत्रावर टेकवून अर्ध्या मिनिटात तिकीट घेत. ते यंत्र परदेशी पारपत्र वाचत नसल्याने आम्हाला रांगेत उभे राहावे लागले. रांग पाऊण तासाची होती.

जकार्ताच्या मुलीला फक्त एकच नाव आहे. तिच्याकडे आडनाव नावाची गोष्टच नाही आणि याचा प्रत्येक कचेरीत त्रास होतो, असे ती आम्हाला रांगेत सांगत होती. तिचे तिकीट सर्वांत आधी मिळाले. ब्राझीलच्या मुलाची चार नावे होती, त्यांतले शेवटचे तिकिटावर मावलेच नाही. खिडकीतल्या बाईंनी हसून मान डोलावली आणि तिकीट दिले. माझ्या वेळी मात्र त्यांनी पारपत्र दोनदा उलटेपालटे करून पाहिले, पडद्याकडे पाहिले आणि बोट हलवून नकार दिला. ताईने माझे नाव आणि आडनाव घातले होते. माझ्या पारपत्रात मात्र, आपल्याकडच्या बहुतेकांच्या पारपत्रात असते तसे, माझ्या नावाला लागूनच वडिलांचेही नाव आहे. शाळेच्या दाखल्यापासून ते माझ्यासोबत फिरत आहे, पण बोलताना मी ते कधी सांगत नाही आणि ताईलाही सांगितले नव्हते. खिडकीतल्या बाईंच्या दृष्टीने पडद्यावरची मुलगी आणि पारपत्रातली मुलगी या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या.

मधे मावेल एवढे अक्षर घालून द्या, अशी माझी विनंती होती. भारतात अशा प्रसंगी कोणीतरी पेन काढलेच असते. तेथे नाव दुरुस्त करण्याची सोयच नव्हती. चुकीचे तिकीट रद्द करायचे आणि योग्य नावाने नवे काढायचे, एवढा एकच मार्ग होता. गाडीला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक वेळ असल्यामुळे पाच टक्केच पैसे कापले गेले, त्याचे दुःख नव्हते. पण जुने रद्द होऊन नवे निघेपर्यंत माझी जागा दुसऱ्या कोणाला गेली होती. शनिवारच्या त्या गाडीचे आता ‘वूत्सुओ’ म्हणजे बिनआसनाचे तिकीटच शिल्लक होते. त्याचे भाडे दुसऱ्या वर्गाइतकेच होते, फक्त बसायला जागा नव्हती. परतीच्या थेट गाडीत तर तेही नव्हते. खिडकीतल्या बाईंनी स्वतःच शोधून तोडगा काढला: रविवारी सकाळी पिंगयाओ ते शिच्याच्वांग, तेथे साडेतीन तास थांबून संध्याकाळच्या गाडीने बीजिंग. मी एकटीच तुटक प्रवास करणार म्हटल्यावर बाकीच्या चौघांनीही आपली परतीची तिकिटे रद्द करून माझ्यासारखीच काढली. हा चांगुलपणा होता हे खरे. त्यात कोचीच्या मुलाला घराबाहेर आणखी तीन तास मिळत होते, हेही खरे.

राहण्याच्या सोयीतही एक अडथळा आला. अॅपवरून ठरवलेल्या पहिल्या निवासाने बुधवारी कळवले की परदेशी पाहुणे ठेवून घेता येणार नाहीत. परदेशी माणूस जेथे मुक्काम करतो तेथील पोलिसांकडे त्याची नोंद व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करते, पण लहान निवासांना ते झेंगट नको असते. तेव्हापासून आम्ही पैसे भरण्याआधी ‘परदेशी पारपत्र चालेल का’ असा एकच प्रश्न ताईकडून चिनीत लिहून घेतला आणि तोच सगळीकडे पाठवला. तिसऱ्या ठिकाणाहून होकार आला.

शनिवारी सकाळी मी गाडीच्या दाराजवळच्या मोकळ्या जागेत, गरम पाण्याच्या नळाशेजारी उभी होते. जागा वाईट नव्हती, कारण गाडीतल्या निम्म्या लोकांची ओळख तेथेच होते: प्रत्येक जण नूडल्सचा डबा किंवा चहाची बाटली घेऊन त्या नळावर येतोच. एका आजींनी आपल्या पिशवीतून घडीचे बुटके स्टूल काढून माझ्यापुढे सरकवले आणि त्या उतरेपर्यंत मी त्यावर बसले. पुढे आमच्या चौघांनी पाळ्या लावून आपल्या जागा दिल्या. शिच्याच्वांग सोडल्यावर गाडी थायहांग पर्वतरांगेत शिरते. तेथील मुख्य बोगदा जवळपास अठ्ठावीस किलोमीटरचा आहे. कानांत दडे बसतात, खिडकीत आपलेच तोंड दिसत राहते, आणि बाहेर पडल्यावर मातीचा रंगच पिवळा झालेला असतो.

निवासस्थान म्हणजे एक जुना चौकाचा वाडा होता. चौकात डाळिंबाचे झाड आणि खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत विटांचा ओटा, ज्यावर गाद्या घालून झोपतात. हिवाळ्यात त्याच्या पोटातून धूर फिरवून तो तापवतात. मालकीणबाईंनी पाचही पारपत्रे मागितली आणि नोंदणी सुरू झाली. पारपत्राचे पान, व्हिसाचे पान, प्रवेशाचा शिक्का, प्रत्येकाचा फोटो आणि मग संगणकावर एकेक अक्षर दाबत नाव. या वेळी मी वडिलांच्या नावावर बोट ठेवून उभीच राहिले होते. शेजारी पाय दुमडून बसलेले त्यांचे वृद्ध वडील हे सगळे पाहत होते. मी ‘यिंदू’ची, म्हणजे भारताची, आहे हे कळल्यावर ते म्हणाले, “के दीहुआ.” मला बोध झाला नाही. त्यांनी हवेत स्टेथोस्कोप लावल्याची खूण केली आणि पुन्हा तेच नाव घेतले. तेव्हा कोठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ते डॉ. कोटणीसांविषयी बोलत आहेत. मी छातीवर हात ठेवून, मोडक्यातोडक्या चिनीत, त्यांचे गाव तेच माझे गाव असे सांगितले. ते उठले आणि आत जाऊन आमच्यासाठी टरबूज घेऊन आले.

दुपारचे जेवण मला सोपे जाईल असे वाटले नव्हते, कारण पिंगयाओची ख्याती मुरवलेल्या गोमांसाची आहे आणि मी शाकाहारी. पण तेथे खाओलाओलाओ नावाचा पदार्थ मिळाला. ओटच्या पिठाच्या पातळ पापुद्र्याच्या पोकळ सुरळ्या करून त्या वेताच्या करंडीत एकीला एक खेटून उभ्या लावतात आणि वाफवतात. वरून पाहिले तर मधमाश्यांचे पोळे, आणि एक उचलून पाहिली तर थेट आपली सुरळीची वडी, फक्त फोडणी आणि खोबरे नसलेली. सोबत टोमॅटोचा रस्सा आणि शान्शीचे काळे, मुरलेले व्हिनेगर. मी दोन करंड्या संपवल्या.

तट आम्ही संध्याकाळी चढलो. गावातील वाडे, मंदिरे आणि तट मिळून सुमारे सव्वाशे युआनचे एकच तिकीट असते. तटावरील बुरूज बहात्तर आणि कंगोरे तीन हजार, कन्फ्यूशियसच्या बहात्तर श्रेष्ठ शिष्यांची आणि तीन हजार अनुयायांची आठवण म्हणून, असे सांगतात. पोलंडच्या मुलीने मात्र कंगोरे मोजण्याऐवजी विटांमधील चुन्याच्या दरजा मोजल्या आणि नवी दुरुस्ती कोठे सुरू होते ते आम्हाला बोटाने दाखवले. तिच्यासोबत गेल्यामुळे मला त्या तटाचा अर्धाच भाग पाहता आला, पण तो नीट पाहता आला.

मला अधिक वेळ लागला तो पश्चिम रस्त्यावरील ‘रिशेंगचांग’ या पेढीत. ही १८२३ मध्ये एका रंगाच्या दुकानातून उभी राहिलेली चीनमधली पहिली हुंडीची पेढी. बीजिंगमध्ये धंदा करणारे पिंगयाओकडचे व्यापारी चांदी वाटेत लुटली जाण्याच्या भीतीने ती या दुकानाच्या बीजिंग शाखेत जमा करीत आणि चिठ्ठीवर गावाकडे पैसे उचलीत. त्याच व्यवहाराचा पुढे स्वतंत्र धंदा झाला. आम्ही सकाळी चार तासांत केलेला प्रवास हुंडीने कैक दिवसांत केला असेल, पण चांदीला तो करावाच लागत नव्हता. आपल्याकडचे सराफ हेच करीत असल्यामुळे मला ‘हुंडी’ हा शब्द सापडायला वेळ लागला नाही. इतरांना समजावताना मात्र दमछाक झाली.

खोटी हुंडी कशी ओळखत, हे एका दालनात मांडले आहे. हुंडी लिहिणारा कारकून ठरलेला असे आणि त्याच्या अक्षराचा नमुना प्रत्येक शाखेत ठेवलेला असे. शिवाय महिने, तारखा आणि रकमा आकड्यांत न लिहिता सांकेतिक अक्षरांत लिहीत. बारा महिन्यांसाठी बारा चिनी अक्षरे, आणि ती ओळीने वाचली की वाक्य होई: खोट्या हुंडीवर पैसे उचलले जाणार नाहीत याची खबरदारी घ्या, अक्षर आणि शिक्का बारकाईने पाहायला विसरू नका. ठरावीक काळाने हे संकेत बदलत. काचेपलीकडच्या त्या फिकट कागदाकडे पाहताना मला बीजिंगच्या खिडकीतल्या बाई आठवल्या आणि त्यांच्यावरचा माझा राग बराच ओसरला. पेढी १९१४ मध्ये बुडाली, पण अक्षराला अक्षर जुळवून पाहण्याची सवय काही बुडालेली दिसत नाही.

रविवारी दुपारी आम्ही शिच्याच्वांगला उतरलो. साडेतीन तास स्थानकात बसण्याऐवजी कोटणीसांच्या समाधीपर्यंत जाऊन यायचे, हे आदल्या दिवशी टरबूज खातानाच ठरले होते. स्थानकातून भुयारी रेल्वेची तिसरी मार्गिका, मग पहिली, आणि ‘हुतात्मा उद्यान’ याच नावाचे स्थानक. त्याच्या पुढच्या स्थानकाचे नाव ‘शांती रुग्णालय’. याच रुग्णालयाच्या मूळ संस्थेचे कोटणीस संचालक होते. १९३८ मध्ये भारतीय काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. परत न आलेले एकटे कोटणीस. डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले आणि पुढे त्यांचे अवशेष येथे आणले गेले. जवळच कॅनडाचे डॉ. बेथून यांचीही समाधी आहे.

मी सोबत्यांना सांगितले की यांचे पूर्ण नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यावर जकार्ताच्या मुलीने लगेच बोटे मोजली: म्हणजे यांचेही तीन. मग तिनेच विचारले की यातले ‘दीहुआ’ कोठून आले. त्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर लावून घेतले होते, आणि कोटणीसांनी मुलाचे नाव ठेवले ते ‘यिनहुआ’, भारत आणि चीन. कोचीचा मुलगा म्हणाला, अशा नावाचे तिकीट एका फटक्यात निघाले असते. उद्यानात उकाडा होता, सुरू व देवदारांच्या सावलीत म्हातारी माणसे व्यायाम करीत होती आणि कोणीतरी समाधीजवळ ठेवलेली पांढरी शेवंती उन्हाने मान टाकून बसली होती. माझ्याजवळ वाहायला काही नव्हते. फाटकाबाहेर फुलवाली शोधण्यात दहा मिनिटे गेली, त्यामुळे परतताना आम्हाला मार्गिका बदलण्याच्या स्थानकात अक्षरशः धावावे लागले.

गाडी सुटायला सहा मिनिटे असताना आम्ही फाटकाशी पोहोचलो. परदेशी पारपत्रांसाठीच्या बाजूच्या वाटेवर एक तरुण कर्मचारी तिकीट आणि पारपत्र शेजारी धरून तपासत होता. इतर चौघे गेले. माझ्या पारपत्रावर त्याचे बोट पहिल्या नावावरून दुसऱ्यावर, तेथून आडनावावर हळूहळू सरकले, मग तिकिटावर तसेच सरकले, आणि त्याने वाट मोकळी केली.

सोमवारी मी निळे तिकीट ताईच्या टेबलावर ठेवले. तिने आपल्या खात्यातली प्रवाशांची यादी उघडली, माझे जुने नाव पुसले आणि तिकिटावर पाहत पाहत वडिलांच्या नावासकट नवे घातले. मग पुढच्या महिन्यात दाथोंगला जायचे असेल तर या वेळी शुक्रवारच्या आत सांगा, असे तिने आम्हाला बजावले.